भुयारातला पैरा

‘गट शोधत आहोत. अंदाजे प्रतीक्षा एकेचाळीस दिवस.’

सुलक्षणा पाटोळेच्या हातात दिवस होते तीस. तिने कपाळावरचा पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि जगातल्या यच्चयावत यंत्रांना एक सणसणीत शिवी हासडली. शिवी सणसणीत असली तरी आवाज हळू होता, कारण सतरा वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेल्या बाईला मोठ्याने बोलायची सवय राहत नाही.

स्वयंपाकघरातून दिलीपने विचारलं, "मिळाला का गट?"

"मिळतोय. मी कायमची तळमजल्यावर गेल्यावर."

दिलीप पाटबंधारे खात्यात होता आणि निवृत्तीला टेकला होता. घरात वादळ दिसलं की चहा टाकायचा, एवढं शहाणपण बावीस वर्षांच्या संसारात त्याने कमावलं होतं. त्याने चहा टाकला.

‘पाताळगड’ हा खेळ चारेक वर्षांपूर्वी आला, तेव्हा तो पोरासोरांचा होता. पाच जणांनी मिळून एका भुयारात उतरायचं, पोरं त्याला डंजन म्हणतात, आणि तिथल्या राक्षसांना मारून पलीकडे निघायचं. एक जण ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे. एक वैद्य, मागे राहून सगळ्यांच्या जखमा भरणारा. उरलेले तिघे वार करणारे. एकटं उतरलं तर पहिल्याच वळणावर खेळ खलास. म्हणून गट लागतो, आणि गट जमवून द्यायला खेळात ‘सांगड’ नावाची यंत्रणा होती.

खरी करामत या सांगडची. खेळताना कपाळाला एक मऊ पट्टा बांधायचा. तो मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपतो. दोन माणसं एकाच कामात बुडाली की त्यांच्या लहरींचे चढउतार हळूहळू एकमेकांना मिळायला लागतात, हे प्रयोगशाळांमध्ये आधीच दिसलेलं होतं. सांगडने तेच कोट्यवधी खेळाडूंवर मोजलं. कोणत्या पाच अनोळखी माणसांच्या लहरी पहिल्या वीस मिनिटांत मिळतील आणि कोणाच्या मिळणार नाहीत, हे ती दहापैकी नऊ वेळा अचूक सांगू लागली. त्यावरून प्रत्येक खेळाडूला शंभरपैकी एक आकडा मिळाला. त्याचं नाव सांगडांक.

इथवर खेळ खेळाच्या जागी होता. पण वीस मिनिटांत परक्याशी जमवून घेणारा माणूस कुणाला नको असतो? आधी विमान कंपन्यांनी नोकरीच्या अर्जात सांगडांक मागितला, मग कारखान्यांनी. मग विमावाल्यांनी रुग्णालयांना कळवलं, की थिएटरमधल्या प्रत्येकाचा आकडा सत्तर किंवा वर हवा. मिरजेतल्या ज्या रुग्णालयात सुलक्षणा सिस्टर होती, तिथल्या व्यवस्थापनाने लगोलग सगळ्यांच्या कपाळाला पट्टे बांधले.

सुलक्षणाचा आकडा आला एकोणसाठ. तिला थिएटरमधून उचलून तळमजल्यावर निर्जंतुकीकरण विभागात बसवलं. वापरलेली हत्यारं धुवायची, ट्रे लावायचे, कापडात बांधून वाफेच्या यंत्रात ढकलायचे. तीन महिन्यांत सत्तर करून दाखवा, नाहीतर हीच कायमची जागा, असं पत्र मिळालं. त्यातले दोन महिने गेले होते.

आकडा का पडला हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि त्याची तिला काडीची लाज वाटत नव्हती. ती वैद्य म्हणून उतरायची. वैद्याने आधी ढालवाल्याला जपायचं, हा खेळातला पहिला धडा. तो पडला की मागचे चौघे उघडे. सुलक्षणाने मात्र थिएटरच्या आधी पाच वर्षं अपघात विभागात काढलेली. तिची नजर आपोआप ज्याचं रक्त सगळ्यात जास्त जातंय त्याच्याकडे जायची. ढालवाला पायावर उभा आहे ना, मग थांबेल तो, आधी या कोपऱ्यातल्या पोराचं बघू. पोरगा वाचायचा, ढालवाला मरायचा आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात पाचही जण आडवे. तीन गट तिने असे बुडवले होते. अनोळखी पोरं ओरडली होती, "हिला वैद्य कुणी केलं?"

आता कमी आकड्यामुळे सांगड तिला गट देईना, आणि गट नाही म्हणून आकडा वाढेना. सातव्या पातळीचं भुयार गटप्रमुख म्हणून पहिल्यांदा पार केलं तर एकदम नऊ गुण मिळत. पण त्यासाठी चार माणसं लागणार होती.

दुसऱ्या दिवशी तिने डॉ. देशमान्यांना लिफ्टपाशी गाठलं. त्यांचा आकडा चौऱ्याऐंशी होता; सर्जनांचा आकडा व्यवस्थापनाने भुयारात नव्हे, चालू ऑपरेशनमध्ये मोजला होता. सतरा वर्षं ती त्यांच्या उजव्या हाताला उभी राहिली होती. ते मान वर न करता हात पुढे करत आणि हवं ते हत्यार त्यात पडलेलं असे.

"सर, एकदा माझ्याबरोबर भुयारात उतरता का? सातवी पातळी. तासाभराचं काम आहे."

डॉक्टरांनी मोबाइल काढून तिचं नाव घातलं. सांगडने लगेच उत्तर दिलं. "शक्यता बारा टक्के," ते म्हणाले. "हरलो की तीन गुण जातात, सिस्टर. माझा आकडा घसरला तर युनिटवर येईल. तुम्ही समजून घ्या."

"घेतलं की," सुलक्षणा म्हणाली. लिफ्ट आली, डॉक्टर वर गेले, ती जिन्याने खाली गेली. तिला वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं, पण नुसतंच वाईट वाटलं.

खेळात गटाची वाट पाहणाऱ्यांसाठी एक चौक होता. ज्यांचे आकडे मोठे ते तिथे चार-सहा सेकंद दिसत आणि गायब होत. बाकीचे दिवसेंदिवस उभे. सुलक्षणाने त्या संध्याकाळी पहिल्यांदाच पडद्याकडे न बघता आजूबाजूला पाहिलं. एक धिप्पाड ढालवाला कालही तिथेच होता, परवाही होता. तिने त्याला हटकलं.

"किती दिवस थांबलाय?"

"चोवीस झालं," ढालवाला म्हणाला. आवाज पन्नाशीतल्या माणसाचा होता. "मी रावसाहेब खोत. सांगलीच्या यार्डात हळदीची पोती उचलतो. आता मुकादम म्हनतोय, टोळीत ऱ्हायाचं तर सातव्या भुयाराचा दाखला आणा. पोरानं हे डबडं जोडून दिलंय."

"आणि गट का मिळत नाही?"

"मी मागं सरकत न्हाई म्हनून. समदी वरडत्यात, मागं सरा, मागं सरा. आता पोतं घिऊन फळीवर चढताना मागं सरकलं तर मागचा गडी चेपतोय, बाई. तीस वर्सांत कधी सरकलो न्हाई. पायच उचलत न्हाई मागं."

सुलक्षणाला हसू आलं. हा तिच्याच जातकुळीतला होता.

"पाच जण आपणच जमवले तर?" तिने विचारलं. "खेळात तशी सोय आहे. कुणी वापरत नाही, एवढंच."

"जमवू की. पर कुनाचं भुयार आधी? दाखला तर एकालाच मिळतोय."

"तुम्हीच सांगा."

रावसाहेबने ढाल जमिनीवर टेकवली. मग म्हणाला, "आमच्याकडं पैरा करत्यात. आज समदी तुमच्या रानात, उद्या समदी माझ्या. बैलं, मानसं, औत समदं आनायचं. ज्याची घाई जास्त त्याचं रान आधी. खाडं करायचं न्हाई. पैरा फेडल्याबिगर कुनी सुटत न्हाई."

"ठरलं," सुलक्षणा म्हणाली. "करूया पैरा."

आठवड्याभरात गट जमला. फरीदा मुजावर जयसिंगपूरच्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. तिला ऐकू येत नव्हतं. भुयारात सगळे तोंडाने सूचना देत, त्या तिला मिळतच नसत, म्हणून तिचा आकडा चाळिशीत अडकलेला. चौकात सुलक्षणा समोर जाऊन बोलू लागली तेव्हा तिच्या डोक्यावर अक्षरं उमटली होती, ‘ऐकू येत नाही. लिहा. तलवार चांगली चालवते.’ जयदीप कुंभोजे हा सांगलीतल्या हॉटेलातला स्वयंपाकी. त्याला जहाजावर नोकरी हवी होती. पाचवा काही केल्या मिळेना, तेव्हा सुलक्षणाने घरातल्याच कपाळाला पट्टा बांधला.

"मला कशाला?" दिलीप म्हणाला. "मला कुठं जायचंय जहाजावर?"

"धनुष्य धर आणि गप्प बस."

पहिल्या दिवशी सांगडने त्यांच्या गटाला शक्यता दिली सात टक्के. सराव रोज संध्याकाळी सहा ते साडेसात. सरावाला गुण नसतात, हे एक बरं होतं, कारण पहिले आठ दिवस ते पाच जण रोज मरत होते. दिलीप तर कधी कधी स्वतःच्याच बाणाने जखमी होई.

पण सुलक्षणा हटणारी नव्हती. खेळातली बाहुली खेळणाऱ्याच्या हातांची नक्कल करते, हे तिने हेरलं. थिएटरमध्ये सर्जनला बोलायचं नसलं की तो हाताने मागतो: दोन बोटं उघडमीट केली की कात्री, मनगट फिरवलं की सुई. त्याच धर्तीवर तिने फरीदासाठी आठ खुणा बसवल्या. चौथ्या दिवशी फरीदा खुणा नुसत्या ओळखत नव्हती, स्वतः नव्या काढत होती. रावसाहेबला मागे सरकायला सांगणं त्यांनी सोडूनच दिलं. उलट त्याला अरुंद जागी उभं करायचं आणि राक्षसांनाच त्याच्या अंगावर आणायचं. राहिला सुलक्षणाचा स्वतःचा प्रश्न. तो रावसाहेबने सोडवला.

"सिस्टर, तुमी माझ्याकडं बघत बसू नगा. मला आता जड व्हाय लागलं की मी ‘हां’ म्हनतो. हां म्हटल्यावर माझ्याकडं या. तवर त्या पोरीचं बघा."

हमालाला आपल्या खांद्याची ताकद किलोत कळते. त्याचं ‘हां’ एकदाही चुकलं नाही.

अकराव्या दिवशी काहीतरी झालं. कुणी काही न बोलता पाच जण एका वळणावर एकदम थांबले आणि एकदम डावीकडे सरले. भुयार पार झाल्यावर सुलक्षणाने गटाचा आलेख उघडला. पाच रंगांच्या पाच रेषा, आणि शेवटची चाळीस मिनिटं त्या एकीवर एक बसलेल्या. सांगड खोटं बोलत नव्हती. तिने मोजलेलं सगळं बरोबरच होतं. फक्त ती वीस मिनिटं मोजायची. अकराव्या दिवसाची वाट बघणं तिच्या हिशेबातच नव्हतं.

ठरल्याप्रमाणे ज्याची घाई जास्त त्याचं भुयार आधी. जयदीपचं झालं, सोबत उतरल्याबद्दल बाकीच्यांना दोन-दोन गुण मिळाले. मग सुलक्षणाचं. पावणेदोन तास लागले, पण झालं. एकोणसाठ आणि दोन आणि नऊ. सत्तर! ती खुर्चीवरून उठून नाचली. शुक्रवारी रुग्णालयाचं पत्र आलं, की सोमवारपासून थिएटर क्रमांक दोन, त्यासाठी त्या सकाळी आकडा सत्तर असावा.

रविवारी रावसाहेबच्या मुदतीचा शेवटचा दिवस होता. सकाळी जयदीपचा निरोप आला, ‘नोकरी पक्की झाली. हरलो तर ऑर्डर रद्द होईल. आज जमणार नाही, सॉरी.’ मग त्याचा फोन बंद.

चौघांच्या गटाला सांगडने दिली नऊ टक्के.

दिलीप पट्टा हातात घेऊन उभा होता. "सुलू, मी काय सांगतो ते शांतपणे ऐक. तुझे बरोबर सत्तर आहेत. सत्तरला सत्तर. आज एकदा हरलीस तरी गेलं थिएटर. त्या माणसासाठी मलाही वाईट वाटतं, पण उद्या सकाळपर्यंत तरी गप्प बस."

ती चौकात गेली तर पडद्यावर नवीच अक्षरं: ‘गट तयार. यशाची शक्यता अठ्ठ्याऐंशी टक्के. प्रतीक्षा चार सेकंद.’ आकडा सत्तर झाल्याबरोबर यंत्राला तिची किंमत कळली होती. नकार द्यायला तिला त्याहून कमी वेळ लागला.

रावसाहेब आणि फरीदा येऊन थांबले होते.

"जयदीपचं कळलं," रावसाहेब म्हणाला. "सिस्टर, तुमी ऱ्हाऊ द्या. तुमचं झालंय. मी बघतो माझं काय ते."

"काय बघणार? चौकात उभं राहणार?"

"तुमचं थेटर जाईल."

 थिएटर सुलक्षणाला हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, सोमवारी सकाळी कोणती चप्पल घालून आत जायचं हेसुद्धा ठरलेलं होतं. पण हा माणूस तिच्या भुयारात पावणेदोन तास एक पाऊल मागे सरकला नव्हता.

"रावसाहेब, पैरा तुम्हीच शिकवलात ना मला?" ती म्हणाली. "मग आता फेडू द्या. दिलीप, बांध पट्टा."

पहिल्यांदा ते शेवटच्या दालनात मेले. सदुसष्ट. थिएटर गेलं, तिथेच गेलं. आता निदान भीती तरी उरली नाही, असं म्हणून ती परत उतरली. दुसऱ्यांदा त्याच दालनात, राक्षसाचा जीव थोडासाच उरला असताना मेले. चौसष्ट.

"वार करणारा एक कमी आहे, म्हणून लढाई लांबतेय," ती म्हणाली आणि फरीदासाठी तेच लिहीत गेली. "माझं औषध चौघांना शेवटपर्यंत पुरत नाही. तिघांना पुरेल."

फरीदाच्या डोक्यावर अक्षरं आली, ‘मग तिघांनाच द्या.’

तिसऱ्यांदा त्या दालनात उतरल्यावर पाचव्या मिनिटाला दिलीपला पहिला तडाखा बसला. सुलक्षणाने बघितलं आणि नजर वळवली.

"अगं, मी मरतोय!"

"मर."

"सुलू!"

"बाण मार आणि मर. वेळ घालवू नकोस."

दिलीपने उरलेले सगळे बाण सोडले आणि मुकाट्याने पडला. फरीदाने खांद्यावरून खूण केली, सुलक्षणाने तिच्याकडे औषध टाकलं. रावसाहेबची ढाल फुटत आली होती, पाय जागचा हलला नव्हता. "हां," तो म्हणाला. सुलक्षणाने होतं नव्हतं ते सगळं त्याच्यावर ओतलं, आणि फरीदाची तलवार राक्षसाच्या मानेत शिरली.

सातवी पातळी पार झाली. मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "सिस्टर," तो म्हणाला, "आता टोळीत ऱ्हातो मी."

"राहा की. बाकी काय काम आहे तुम्हाला."

शेजारच्या खुर्चीतून दिलीप म्हणाला, "बावीस वर्षांच्या संसारात एकदासुद्धा वाटलं नाही, की ही बाई मला मर म्हणेल."

"वाटायला हवं होतं," सुलक्षणा म्हणाली, आणि पट्टा काढल्यावर त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसली.

आकडा झाला सहासष्ट. सोमवारी सकाळी व्यवस्थापनाने तिला परत तळमजल्यावर पाठवलं. तिला रडू आलं, ती रडलीही. हत्यारांच्या ट्रेवर पाणी पडू नये म्हणून बाजूला होऊन रडली, हात पुन्हा धुतले आणि कामाला लागली. मुदत संपली होती, पण अर्ज पुन्हा करता येतो की नाही, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं नाही म्हणजे करता येतो, असं तिने ठरवलं आणि केला.

फरीदाची पाळी अजून राहिली होती. तिच्या कारखान्याने मुदत दोनदा पुढे ढकलली होती. तोवर पैरा वाढत गेला. रावसाहेबच्या टोळीतले सात हमाल आले. तळमजल्यावरच्या दोघी आल्या, वॉर्डबॉय आला. एका वहीत पाळ्या लिहिल्या जाऊ लागल्या. कुणाचा आकडा किती, हा रकाना त्या वहीत नव्हता.

पाच आठवडे झाले तरी सुलक्षणाच्या अर्जाला उत्तर नव्हतं, तेव्हा एका दुपारी तळमजल्याच्या खिडकीशी डॉ. देशमाने येऊन उभे राहिले. या मजल्यावर ते कधी आले नव्हते, त्यामुळे सिस्टर बसते कुठे हे त्यांना दोघांना विचारावं लागलं होतं.

"बोला सर."

"माझा आकडा अडुसष्टवर आलाय," ते म्हणाले.

सुलक्षणाने हातातलं कापड खाली ठेवलं.

"नव्या सिस्टर हुशार आहेत. नव्वदच्या आहेत दोघी. पण मला प्रत्येक गोष्ट मागावी लागते. मागेपर्यंत हात थांबतो, लय तुटते. आता प्रत्येक ऑपरेशनला टोपीत पट्टा असतो, ते सगळं मोजतात." ते खिडकीशी वाकले. "माझे चौऱ्याऐंशी माझे नव्हतेच, सिस्टर. ते आपल्या दोघांचे होते. यंत्राने ते एकट्या माझ्या नावावर टाकले."

"मग व्यवस्थापनाला सांगा की हे."

"सांगितलं. तुमचं नाव घेऊन सांगितलं. ते म्हणाले, आधी तुमचा स्वतःचा आकडा वर आणा." डॉक्टर खिन्नपणे हसले. "ऑपरेशनं बंद केलीत माझी. वीस दिवस दिलेत. गट शोधायला गेलो तर सांगड म्हणते सव्वीस दिवस थांबा. तुमचा तो पैरा की काय आहे, त्यात मला जागा होईल का?"

 लिफ्टची आठवण काढून चार शब्द सुनवावेत, असं सुलक्षणाला मनापासून वाटलं. मग तिने वही उघडली.

"जागा आहे. पण तुमचं भुयार लगेच नाही. आधी दुसऱ्यांच्या पाळीला यायचं. परवा बुधवारी फरीदाची पाळी आहे, शेवटची मुदत. बाकीचे त्या वेळी कामावर असतात, आम्ही चौघंच आहोत."

"शक्यता किती दाखवतेय?"

"ते आम्ही बघत नाही."

"हरलो तर माझे पासष्ट होतील."

"होतील," सुलक्षणा म्हणाली.

डॉक्टरांनी खिडकीची कड धरली. आत वाफेच्या यंत्राची शिट्टी वाजली, एका बाईने ते बंद केलं.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"सहाला. पावणेसहाला या, तुम्हाला खुणा शिकाव्या लागतील. फरीदाला ऐकू येत नाही, आणि भुयार तिचं आहे. आत गेल्यावर तिचा हात हलेल तसं करायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही." तिने वहीत त्यांचं नाव लिहिलं, नुसतं ‘देशमाने’, आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. "इथं सही करा."